नायकाचे नाव काय ठेवायचे?

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला, जून महिन्यात, आम्ही आठवीच्या वर्गाला एक काम दिले. आवडत्या गोष्टीतले एखादे पात्र घ्यायचे आणि त्याची पुढची गोष्ट आपण लिहायची. दर महिन्याला दोन गोष्टी, एक उर्दूत आणि एक मराठीत. वर्षअखेर त्यांतल्या निवडक गोष्टींचे हस्तलिखित काढायचे. बी.एड.च्या पुस्तकात याला सर्जनशील लेखन म्हणतात. जगभर त्याच्या एका प्रकाराला फॅन फिक्शन हे नाव पडले आहे. चाहत्याने आपल्या लाडक्या पात्राचे, मूळ लेखकाला न विचारता, केवळ प्रेमापोटी लिहिलेले पुढचे कथानक म्हणजे फॅन फिक्शन. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली 'स्पॉकनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले, तेव्हापासून या लेखनाला स्वतःचे घर मिळाले असे मानतात. आमच्या वर्गात मात्र त्याचे नाव पडले 'आगे की कहानी'.

पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात उर्दू माध्यमात शिकणारे मूल तीन भाषांत जगते. घरात दखनी, वर्गात उर्दू, रस्त्यावर आणि बाजारात मराठी. त्यामुळे दोन वह्या ठेवणे मुलांना जड गेले नाही. उर्दूसाठी आम्ही आमच्या जवळच्या जुन्या पेटीतल्या इब्ने सफींच्या कादंबऱ्या शनिवारी वाचून दाखवत होतो. मराठीसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होताच. फुरसुंगीचा हा सायकलवाला पोरगा आमच्या मुलांना पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

जुलैमध्ये एका मुलाने दोन्ही वह्या आणून दिल्या. मराठी वहीत फास्टर फेणे वडगावच्या जनावरांच्या बाजारात येतो आणि बैल चोरणाऱ्याला पकडतो. गोष्ट झकास होती. बाजारातली धूळ, दलालांचे रुमालाखाली बोटे दाबून चाललेले सौदे, सगळे त्यात होते. चोराचे नाव होते सलीम. आम्ही सहज विचारले, "चोर का नाम सलीम क्यूँ रखा?" पोरगा गोंधळला, मग सरळपणे म्हणाला, "चोर का नाम ऐसाच रहता ना सर." या मुलाच्या सख्ख्या मामाचे नाव सलीम आहे.

मग आम्ही त्याची उर्दू वही उघडली. तिथे इम्रान नायक होता. हुशार, विनोदी, कधी न हरणारा. आणि जगाचा नाश करायला निघालेल्या खलनायकाचे नाव होते डॉक्टर शंकर.

मूल एकच, महिना एकच, बेंच एकच. मराठीत लिहिताना त्याने आपल्या मामाला चोर केले आणि उर्दूत लिहिताना शेजाऱ्याला राक्षस केले. कुणीही त्याला असे शिकवले नव्हते. चित्रपट, मालिका, ऐकीव गोष्टी यांतून ते त्याच्या हाडात मुरले होते. आम्ही बाकीच्या वह्या चाळल्या. थोड्याफार फरकाने चित्र तेच होते. मराठी वहीत मुसलमान पात्र असलेच तर ते टांगेवाला, कुलूपवाला किंवा गुंड. उर्दू वहीत पाटील, कांबळे, माळी यांच्यापैकी कुणाचाच पत्ता नाही. जणू ही मुले वडगावात राहतच नाहीत.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, असे लिहिले तर ते नाटकी होईल. पण एक प्रश्न मात्र वर्षभर सोबत राहिला. दुसऱ्याच्या गोष्टीतला नायक आपण उचलतो, तेव्हा त्याचे नाव काय ठेवतो? आणि त्या नावासोबत काय काय आणतो, काय काय टाकून देतो? शोध घेता लक्षात आले की हा प्रश्न आमच्या आठवीच्या वर्गाचा नाही. तो या मातीत किमान साडेतीनशे वर्षे जुना आहे.

गोष्ट मूळ मालकाच्या हातात राहत नाही, हे वडगावकरांना वेगळे सांगायला नको. सेनापती धनाजी जाधवांचे १७०८ मध्ये निधन झाले आणि त्यांची समाधी आमच्याच गावात आहे. मोगलांचे घोडे पाणी पिईनासे झाले की स्वार त्यांना विचारत, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय? ही आख्यायिका शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. धनाजींनी स्वतः ती सांगितली नाही. लोकांनी ती रचली, वाढवली आणि शत्रूच्या घोड्याच्या तोंडी घातली. लोकप्रिय माणसाची पुढची गोष्ट लोक लिहितात, हा नियम आहे.

पण नावाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पाहायचा असेल तर विजापूरला जावे लागेल. आपण घरात बोलतो ती दखनी एके काळी तिथल्या दरबाराची साहित्यभाषा होती. दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारात नुसरती नावाचा मोठा कवी होता. त्याने १६५७ च्या सुमारास 'गुलशन-ए-इश्क' ही मसनवी लिहिली. तेव्हा आमच्या घराच्या गच्चीवरून दिसणारा पन्हाळाही आदिलशाहीतच होता. 'गुलशन-ए-इश्क'ची कथा नुसरतीची स्वतःची नाही. उत्तरेत मंझन या सूफी कवीने १५४५ साली अवधीत 'मधुमालती' लिहिली होती. राजपुत्र मनोहर आणि राजकन्या मधुमालती यांची ती प्रेमकथा. मंझन मुसलमान, नायक-नायिका हिंदू. नुसरतीने शंभराहून अधिक वर्षांनंतर ती कथा दखनीत आणली, आपल्या बागा, आपले ऋतू, आपली उपमाने तिच्यात भरली. आजच्या भाषेत सांगायचे तर नुसरती हा मंझनचा चाहता होता आणि त्याने आपल्या भाषेत पुढची गोष्ट लिहिली. मात्र नावे त्याने बदलली नाहीत. मनोहर मनोहरच राहिला, मधुमालती मधुमालतीच राहिली. विजापूरच्या दरबारात ती नावे कुणाला खटकली नाहीत.

याच सुमारास, दोन-तीन वर्षे आधी, औरंगजेबाच्या पदरी असलेल्या आकिल खान राजी याने हीच कथा फारसीत लिहिली. त्याने काव्याचे नाव ठेवले 'मेहर-ओ-माह', म्हणजे सूर्य आणि चंद्र. कथा तीच, पण मनोहर गेला, मधुमालती गेली. फारसी वाचकाच्या कानाला परकी वाटतील अशी नावे काढून टाकली की कथा कुठल्याही देशाची होते, आणि म्हणून कुठल्याच देशाची राहत नाही. राजीने वाईट हेतूने हे केले असे आम्हाला म्हणायचे नाही. त्याचेही त्या कथेवर प्रेम होतेच. पण एकाच कथेच्या दोन चाहत्यांनी दोन वाटा धरल्या. एकाने पात्राला त्याच्या नावासकट घरात घेतले. दुसऱ्याने उंबऱ्यावरच त्याचे नाव बदलले. पुढची सगळी कहाणी या दोन वाटांची आहे.

मराठीत दुसरी वाट मोठी राजरस्ता झाली. शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये मराठीत आणले. पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याच नाटकावरून १८९० साली 'झुंझारराव' रंगभूमीला दिले. नाटक गाजले, मराठी माणसाने ते डोक्यावर घेतले. पण मूळ नाटकातला ऑथेल्लो 'मूर' आहे. युरोपात मूर म्हणत ते उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांना. बाप्तिस्मा घेऊन व्हेनिसचा सेनापती झाला तरी ऑथेल्लोचे मूरपण कुणी विसरत नाही. आपण या शहराचे आहोत की नाही, ही शंका त्याला आतून पोखरते आणि खलनायक नेमका तिचाच फायदा घेतो. झुंझारराव हे नाव ऐकल्यावर मराठी प्रेक्षकाला शूर सरदार दिसतो. गावात राहूनही गावाचा न झालेला माणूस त्या नावातून दिसत नाही. देवलांचे कौशल्य मोठे होते, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या पात्रात मराठी मुसलमानाला आपला चेहरा दिसू शकला असता, ते पात्र नाव बदलताच आपल्यापासून दूर गेले.

आता इब्ने सफींकडे येऊ. कारण आमच्या पिढीपर्यंत दखनी घरांतला खरा लाडका लेखक तोच. असरार अहमद ऊर्फ इब्ने सफी यांचा जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. १९५२ च्या मार्चमध्ये अलाहाबादेतून 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पाकिस्तानात गेले, पण त्यांच्या कादंबऱ्या अलाहाबादहून अब्बास हुसैनी भारतातल्या वाचकांपर्यंत पोहोचवत राहिले. फाळणीने माणसे वाटली, कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद मात्र दोन्हीकडे राहिले. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत' या कादंबरीने इम्रानची मालिका सुरू झाली. अली इम्रान, एम.एस्सी., पीएच.डी. वरून वेडगळ, आतून एक्स-टू या गुप्त नावाने सगळी यंत्रणा चालवणारा.

या मालिकांतली माणसे पाहा. इम्रानच्या पथकात स्वित्झर्लंडची जूलिया आहे, आफ्रिकेचा जोसेफ आहे, घरात स्वयंपाकी सुलेमान आहे आणि तो मालकाला टोमणे मारतो. उर्दू वाचकाला त्या काळी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कादंबऱ्यांत इतकी तऱ्हेवाईक माणसे एकत्र क्वचितच भेटत. अर्थात जोसेफच्या चित्रणात त्या काळचे आफ्रिकेविषयीचे गैरसमज आहेत, हेही आज डोळ्याआड करता येत नाही.

१९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी मानसिक आजाराने लिहू शकले नाहीत. तेव्हा बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेतलेल्या लेखकांचे पेव फुटले. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये 'डेढ मतवाले' घेऊन ते परतले. इम्रान मात्र एकट्या त्यांचा राहिला नाही. १९८० मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही इतरांनी इम्रान चालू ठेवला. मुलतानचे वकील मजहर कलीम यांनी तर इम्रानच्या शेकडो कादंबऱ्या लिहिल्या आणि टायगरसारखी नवी पात्रे त्यात आणली. २०१८ मध्ये मजहर कलीमही गेले. जगातल्या मोठ्या फॅन फिक्शनची उदाहरणे द्यायची तर इम्रानचे नाव वरच्या ओळीत घ्यावे लागेल, पण ते कुणी घेत नाही, कारण ते उर्दूत झाले.

आता नावाची गंमत. गंमत म्हणावे की खंत, हे वाचकांनी ठरवावे. हिंदी वाचकांसाठी याच कादंबऱ्या नागरी लिपीत निघू लागल्या तेव्हा कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला. इम्रानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. म्हणजे वरिष्ठ अधिकारी विनोद आणि त्याचा हसरा, बायकांच्या मागे लागणारा, साहेबाच्या शिव्या खाणारा सहायक हमीद.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली अशी की, मूळ उर्दूत फरीदी आणि हमीद दोघेही मुसलमान. हिंदीत अजाणता एक मिश्र जोडी तयार झाली. पन्नास-साठच्या दशकांत हिंदीच्या घराघरात विनोद आणि हमीद खांद्याला खांदा लावून लढत होते, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालत होते. दोन समाजांतल्या मैत्रीची इतकी खपलेली गोष्ट फार थोडी असेल. दुसरी गोष्ट अशी की, ही मैत्री होण्यासाठी साहेबाची खुर्ची विनोदला द्यावी लागली. हमीद चालतो, पण मदतनीस म्हणून. शेवटचा शब्द फरीदी नावाच्या माणसाचा असला तर हिंदी वाचक पुस्तक घेणार नाही, असे छापणाऱ्याला वाटले असावे. २०११ मध्ये शम्सुर्रहमान फारुकी यांनी चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या तेव्हा फरीदी फरीदी म्हणूनच चेन्नईहून जगासमोर गेला. म्हणजे परक्या भाषेत जे सहज चालले, ते सख्ख्या बहिणीच्या भाषेत अवघड झाले होते.

हे सगळे आम्ही वर्गात सांगितले, अर्थात मुलांच्या भाषेत. हमीदचे ऐकल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मतलब हमीद को प्रमोशनच नहीं मिल्या." वर्ग हसला. आम्हालाही हसू आले, पण ते घशात अडकले.

ऑगस्टमध्ये आम्ही एक चूक केली, ती इथे कबूल केली पाहिजे. उत्साहाच्या भरात आम्ही फळ्यावर नियम लिहिला : प्रत्येक गोष्टीत एक हिंदू पात्र, एक मुसलमान पात्र आणि एक मुलगी असलीच पाहिजे. महिनाअखेर आलेल्या गोष्टी वाचवेनात. झेंडावंदनाच्या कार्यक्रमातल्या नाटुकल्यासारखे सगळे. टोपीवाला एक, टिळावाला एक, दोघांचे हातात हात, शेवटी देशभक्तीचे गाणे. कुणी कुणाशी भांडत नाही, कुणाला भूक लागत नाही, कुणी खोटे बोलत नाही. मुलगी तर सगळ्यांना पाणी आणून देण्यापुरती. मुलांनी आमचा नियम पाळला होता आणि गोष्ट मारून टाकली होती. विविधता ही हजेरीपटासारखी भरता येत नाही, हे आम्हाला आमच्याच विद्यार्थ्यांनी शिकवले.

सप्टेंबरमध्ये नियम पुसला आणि त्याजागी एक प्रश्न लिहिला : या पात्राचे नाव बदलले तर गोष्ट बदलते का? बदलत असेल तर काय बदलते? बदलत नसेल तर हेच नाव का ठेवले?

याच काळात आणखी एक प्रसंग घडला. अमीर हमजाच्या दास्तानी आम्ही वर्गात सांगायला घेतल्या होत्या. एक पालक शाळेत आले. आवाज न चढवता, पण गंभीरपणे म्हणाले, "हज़रत हमज़ा पर बच्चे कहानियाँ लिखेंगे?" त्यांची काळजी खोटी नव्हती. हजरत हमजा हे पैगंबरांचे (स.) चुलते, उहुदच्या लढाईत इ.स. ६२५ मध्ये शहीद झालेले. आम्ही त्यांना बसवून दास्तानीचा इतिहास सांगितला. दास्तानीतला अमीर हमजा कोहकाफच्या पऱ्यांत जातो, देवांशी लढतो. शतकानुशतके कथेकऱ्यांनी फुलवलेली ती कल्पित व्यक्तिरेखा आहे. अकबराने तिच्यावर सुमारे चौदाशे चित्रांची पोथी करून घेतली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ही दास्तान ४६ खंडांत छापली. त्यातला सर्वांत लोकप्रिय भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तो मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर यांनी १८८३ ते १८९३ या काळात लिहिला. तो फारसीतून आलेला नाही. आपल्याच कथेकऱ्यांनी अमीर हमजाची रचलेली ती 'आगे की कहानी' आहे. पालक शांतपणे ऐकत होते. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक मर्यादा ठरवली. ज्यांच्याविषयी आपल्या मनात आदर आहे, अशा कुणाही पवित्र व्यक्तीवर मुले गोष्ट लिहिणार नाहीत, मग ती व्यक्ती कोणत्याही धर्माची असो. अमर अय्यार, त्याची सारे जग मावणारी जंबील, जादूगार अफरासियाब आणि सरसर यांच्यावर खुशाल लिहावे. जाताना ते म्हणाले, "अमर अय्यार तो हम भी सुन के बड़े हुए."

सरसर शमशीरजन ही होशरुबातली अय्यार स्त्री. ती शत्रूपक्षाची, पण अमर अय्यारला तोडीस तोड. वेष बदलते, बेशुद्ध करते, पळून जाते. आमच्या मुलींनी तिला असे उचलले की मुलगे पाहतच राहिले. एकीच्या गोष्टीत सरसर वडगावला येते आणि वेष बदलून भाजीवाली, मग बस कंडक्टर, मग बोर्डाच्या परीक्षेची पर्यवेक्षक होते. दहावीनंतर जिचे शिक्षण बंद होणार असते, त्या मुलीचा अर्ज ती कॉलेजच्या खिडकीत गुपचूप सरकवते. ती मुलगी आपल्या मोठ्या बहिणीविषयी लिहीत होती, हे वर्गात सगळ्यांना माहीत होते. कुणी तसे बोलले नाही.

पोरांच्या पुढच्या प्रश्नाने तर आमची विकेटच घेतली. हॅरी पॉटरच्या १९९७ च्या पहिल्याच पुस्तकात पाटील आडनावाच्या जुळ्या बहिणी आहेत, पुढे त्यांची नावे पार्वती आणि पद्मा अशी कळतात. मुलांनी विचारले, "सर, ये पाटील कौन से गाँव के?" आमच्या तालुक्यात दर दुसरे घर पाटलांचे, त्यामुळे प्रश्न रास्त होता. पुस्तकात त्यांचे गाव नाही. लेखिकेने ब्रिटनमधल्या शाळेत भारतीय नाव आणले, हे चांगलेच झाले, पण नावामागचे घर मोकळे राहिले. ते घर एका मुलीने भरले. तिच्या गोष्टीत दोघी बहिणी दिवाळीच्या सुट्टीत लाटवड्याला आजीकडे येतात. शेजारच्या नसीमला त्यांची जादूची काडी सापडते आणि ती नसीमच्या हातात जास्त चांगली चालते. आजी म्हणते, काडी कुणाची ते सोड, आधी दोघी फराळ करा. त्या गोष्टीत नियम नव्हता, शेजार होता. ऑगस्टच्या गोष्टींत जे मेले होते ते इथे जिवंत होते.

अमेरिकेत कमला खान नावाचे एक पात्र २०१३ मध्ये चित्रकथेत आले. जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईबापांची मुसलमान मुलगी. २०१४ पासून तिची स्वतःची मालिका निघाली आणि २०२२ मध्ये ती पडद्यावर आली. आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक बारीक गोष्ट. महाशक्ती मिळण्याआधी ही मुलगी आपल्या आवडत्या वीरांवर फॅन फिक्शन लिहीत असते. आधी ती दुसऱ्यांच्या गोष्टीत शिरते, मग तिची स्वतःची गोष्ट सुरू होते. आमच्या मुलांचेही असेच होत असावे.

आपल्या समाजात या प्रश्नाचा विचार झाला नाही असे नाही. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ ची. कोकणातले मुसलमान घर आतून कसे असते, हे मराठी वाचकाला त्या कादंबरीने दाखवले. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपले जगणे आपण मराठीत लिहिले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह योग्यच होता आणि आजही योग्य आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू. आपले घर आपण लिहावेच, पण दुसऱ्याच्या गोष्टीतही आपण हक्काने जावे आणि आपल्या गोष्टीत दुसऱ्याला हक्काने येऊ द्यावे. नुसरतीने मनोहरला येऊ दिले होते. विजापूरचा कवी जे करू शकला ते वडगावचे आठवीतले मूल का करू शकणार नाही? फास्टर फेणे हा आमच्या मुलांचाही आहे. त्याला आपलेसे करण्यासाठी त्याचे नाव बदलून फारूक करण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी फारूकला उभे करावे, आणि फारूकला मेंदू द्यावा.

फेब्रुवारीत तो जुलैचा मुलगा पुन्हा आला. बैलचोरीची गोष्ट त्याने नव्याने लिहिली होती. आम्ही त्याला तसे सांगितले नव्हते. या वेळी चोरीचा बैल बाजारात उभा असतो. दलाल म्हणतो, हा माझाच. मालक म्हणतो, माझा. शिंगे रंगवलेली, गळ्यातली घंटा बदललेली. फास्टर फेणे सायकल लावून डोके खाजवत राहतो. तेवढ्यात बाजाराच्या कडेला बैलांना पत्री मारणारा नालबंद उठतो, बैलाचा मागचा पाय उचलतो आणि पत्रीवरचे खिळे पाहून सांगतो, ही पत्री मी मारली आहे, अमुक गावच्या अमुक माणसाच्या बैलाला. चोर पकडला जातो. फास्टर फेणे त्याला विचारतो, काका, तुमचे नाव काय?

नालबंदाचे नाव होते सलीम.

नाव तेच राहिले होते, त्याला काम वेगळे मिळाले होते. आम्ही त्या मुलाला विचारले, तुझे मामा काय करतात? तो म्हणाला, "नालबंदीच करते सर. अब बैल कम हो गए, इसलिए वेल्डिंग भी करते." म्हणजे खरा सलीम पहिल्यापासून त्याच्या घरातच होता. वहीपर्यंत यायला त्याला आठ महिने लागले.

हस्तलिखित एप्रिलमध्ये बांधून झाले. बत्तीस गोष्टी आहेत, मागून उर्दू आणि पुढून मराठी. मध्यभागी दोन्ही लिपी समोरासमोर येतात, तिथे मुलांनी चित्र न काढता एक कोरे पान ठेवले आहे. त्यांच्या मते ते पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आहे.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. त्याच मुलाच्या उर्दू वहीतला डॉक्टर शंकर अजून तसाच आहे, जगाचा नाश करायला निघालेला. आम्ही त्याला विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, उसका सोचता हूँ छुट्टी में." सुट्टी संपत आली आहे. जून जवळ आला आहे. आम्ही वाट पाहत आहोत.